पाहुण्यांच्या गादीचे दोन कोपरे

आमच्या घरात एक फोमची गादी होती. घेऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्यावर आजवर एकही माणूस झोपला नव्हता. संगितानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ती दिवाळीत नांदेडहून आणली आणि आणल्या दिवशीच जाहीर केलं, "ही पाहुण्यांची गादी हाय. घरच्यांनी बोट लावायचं न्हाई." वरचं प्लास्टिकसुद्धा तिनं काढलं नाही. आता पाहुणे काय कमी आले? पण ऐनवेळी तिला पाहुणाच उणा वाटायचा. तिचा सख्खा भाऊ आला, त्याला गादी दाखवली आणि झोपायला गोधडी दिली. आमच्या शाळेचे हेडमास्तर आले, त्यांना गादीवर बसवलं. साहेब हलले की प्लास्टिक चर्र वाजायचं, म्हणून बिचारे श्वास धरून चहा प्याले आणि घामाघूम होऊन निघून गेले.

मी बाबूसिंग राठोड. सेनगावच्या एका हायस्कुलात कारकून. राहतो पुसेगावच्या अलीकडं आमच्या तांड्यावर. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घालायचे. जन्म प्रवासात, लग्न प्रवासात, मरणही प्रवासात. पण कुणी गादी कापत बसल्याचं ऐकिवात नाही. तो मान खानदानात माझाच.

झालं असं, की माझी याडी, म्हणजे आमच्या बोलीत आई, नानीबाई तिचं नाव, तुरीच्या वावरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, काठी धरून चार पावलं चाला, पण बसायचं फार तर पाव तास. बाकी आडवं. त्या वर्षी तिची पोहरादेवीची रामनवमीची जत्रा हुकली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा!

जत्रा हुकल्याचं दुःख एक वेळ गिळलं असतं तिनं. पण तिथं तिचा भाऊ येतो. खेमामामा. ऐंशी पार केलेला, आदिलाबादच्याही पुढच्या एका तांड्यावर राहणारा. ना पत्र, ना फोन. "रामनवमीला लिंबाखाली" एवढाच त्या दोघांचा एकमेकांना पत्ता. वर्षातून एकदा भेटायचं, एका ताटात जेवायचं, रडायचं, हसायचं अन् आपापल्या गावी जायचं. त्या साली आमच्या तांड्याची माणसं जत्रेहून परत आली आणि म्हणाली, "खेमा दोन दिवस लिंबाखालून हलला न्हाई. जेवाय चल म्हणलं तर म्हणे, बहीण यील अन् मी दिसणार न्हाई."

ते ऐकून याडीनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी एवढंच बोलली, "बाबू, यंदा गेलं ते गेलं. फुडच्या साली मला नेशील का? तो काय दर साली यायचा हाय?"

मी छातीवर हात मारून 'नेतो' म्हणालो. आडव्या माणसाला न्यायचं कशात, हा प्रश्न मला नंतर पडला. आमच्याकडच्या जीपमध्ये चौदा माणसं बसतात, दोन लोंबकळतात. तिथं आडवं कोण होऊ देतो!

आणि मग फेब्रुवारीत, हिंगोलीला भंगारवाल्या पुनमचंदच्या आवारात, मला ती दिसली. रस्त्याच्या कामावर रोलरच्या मागं ओढत नेतात ना, ती पत्र्याची खोली! चार चाकं, एक दार, एक खिडकी, आत झोपायला उंच काठांची लोखंडी बाज, तळाला फळ्या. रोलरचा ड्रायव्हर तिच्यातच रांधायचा अन् तिच्यातच झोपायचा. आहाहा! माझ्या डोळ्यांपुढं याडी त्या बाजेवर ऐसपैस पडून पोहरादेवीला चाललेली दिसायला लागली. साल होतं दोन हजार दोन. जिल्हा नवा कोरा, सगळ्यांनाच काहीतरी नवं करून दाखवायची खुमखुमी होती, मीच का मागं राहू? चुलतभाऊ जगननं ट्रॅक्टर जोडला आणि आम्ही वाजतगाजत खोली तांड्यावर आणली. सगळा तांडा बघायला लोटला. याडीनं तर काठी टेकत टेकत येऊन पत्र्यावरून हात फिरवला, जसा नव्या बैलावर फिरवतात.

"आता हिच्यात गादी पाहिजे," जगन म्हणाला.

सगळ्यांनी संगिताकडं बघितलं. संगितानं याडीकडं बघितलं. मग ती आत गेली आणि गादी डोक्यावर घेऊन बाहेर आली. खरं सांगतो, मला भरून आलं. "याडीसाठी घ्या," ती म्हणाली. "पण अवो, कापायची तर नीट मोजून कापा. माझी गादी हाय ती." तिनं स्वतःच्या हातानं प्लास्टिक काढलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिलं.

आता मोजायचं. नेमके त्याच वेळी ग्रामसेवक भाऊसाहेब फटफटीवरून उतरले. खोलीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे नवीन बांधकाम केव्हा केलं?"

"भाऊसाहेब, बांधकाम न्हाई, गाडी हाय."

"छप्पर आहे?"

"हाय."

"दार, खिडकी?"

"हाय."

"आत माणूस झोपणार?"

"व्हय, पण..."

"मग घर झालं. मोजून घरपट्टीला नोंद घ्यावी लागेल."

मी म्हणालो, हिला चाकं आहेत. ते म्हणाले, नियमात चाकांबद्दल काही लिहिलेलं नाही. हा माणूस पुढंमागं मोठा साहेब होणार, हे मी तिथंच ओळखलं. त्यांनी पिशवीतून कापडी टेप काढला आणि खोली आतून बाहेरून मोजली. म्हटलं, आयतं सरकारी मोजमाप होतंय तर बाजही मोजून घ्यावी. त्यांनी मोजली, मी लिहून घेतली. लांबी सहा फूट चार इंच, रुंदी तीन फूट. गादी होती सव्वासहा फूट बाय चार. म्हणजे लांबीला हात लावायचा नाही, रुंदीतून फूटभर पट्टी काढली की काम फत्ते!

गादी कापायची कशानं, यावर तांड्यात सभाच भरली. नायक मोहनसिंग, आमच्या तांड्याचे प्रमुख, म्हणाले विळा तापवून लाल करा. त्यांनी ते एवढ्या ठामपणे सांगितलं, की जसं काही आयुष्यभर फोमच कापत आले. जगन म्हणाला, लाकडाला करवत चालते, तर याला का चालणार नाही? ट्रॅक्टर त्याचा असल्यामुळं त्याचं ऐकावं लागलं. करवत चालली, चांगलीच चालली! पण गादीचा भुगा असा उडाला की सगळ्या तांड्यावर पांढरं पांढरं झालं. कोंबड्या ज्वारी समजून टिपायला धावल्या. नायकाच्या मिशीत भुगा अडकला आणि ते घरी जाईपर्यंत त्यांना कुणी सांगितलं नाही.

गादी आत नेऊन बाजेवर ठेवली. ठेवली कसली, कोंबली! ती मधोमध उंटाच्या पाठीसारखी वर आली. जगन वर बसला तर टोकं वर आली. आम्ही दोघं बसलो तर तिनं आम्हाला हळूहळू दारातून बाहेर काढलं.

संगितानं ब्लाऊज शिवायचा टेप आणला आणि बाज मोजली. "अवो, दोन फूट आठ इंच भरून राहिली. तीन फूट काहून लिवलं?"

"सरकारी टेप हाय तो," मी म्हणालो.

भाऊसाहेब अजून नायकाच्या ओसरीवर चहा पीत होते. टेप मागून आणला. बघतो तर काय, सुरवातीचा तुकडा झिजून तुटलेला, आणि टेप सुरूच होत होता चार इंचांपासून! लांबी मोजा, रुंदी मोजा, प्रत्येक वेळी चार इंच जास्त!

मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो होतो, पण जगनचा आवाज ट्रॅक्टरवर घडलेला. "आरं, याच टेपानं आपली समद्यांची घरं मोजली की!" झालं! जो तो दोरी, काठी, हात घेऊन आपापल्या भिंती मोजायला पळाला. पाच मिनिटांत नायकाच्या ओसरीपुढं एवढी गर्दी झाली की भाऊसाहेबांचा चहा बशीतच राहिला. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर कागद काढून लिहून दिलं, 'सदर वस्तू घर नसून वाहन आहे.' दुसरं काम, सगळ्या घरांची फेरमोजणी करायचं कबूल केलं. तिसरं, फटफटीला किक मारली. माझ्या गादीनं तांड्याचं कल्याण केलं म्हणून चार जणांनी माझी पाठ थोपटली. पण संगिताचं तोंड काही सुधारेना, कारण गादी अजून बाजेत बसत नव्हती.

त्यात बाजेला एक खोड होती. पुढच्या भिंतीपाशी, डाव्या कोपऱ्यात, हत्यारं ठेवायची लोखंडी पेटी जोडून टाकलेली होती, तिनं बाजेचा कोपरा वीतभर खाल्ला होता. म्हणजे गादीचाही तेवढा कोपरा कापायला हवा. आता टेपावरचा माझा विश्वास उडाला होता. मी दहावीला भूमितीत पहिला आलेला माणूस. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की याडीलाही पाठ आहे. मी वर्तमानपत्रं खळीनं जोडली, बाजेवर पसरली आणि कडेकडेनं कापून बाजेचा अगदी हुबेहूब कागद तयार केला. पेटीच्या कोपऱ्यासकट! हातात धरून सगळ्यांना दाखवला. नायकसुद्धा म्हणाले, "शिकल्यालं माणूस ते शिकल्यालंच."

कापायला या वेळी शेजारचा मल्हारी आला. मल्हारी धनगर, त्याचा मेंढ्यांचा वाडा आमच्या वावराशेजारी. लोकर कातरायची लांब पात्यांची कातर घेऊन तो आला, आणि गादीसमोर उकिडवा बसून त्यानं गंभीरपणे विचारलं, "हिचं तोंड कोणीकडं?"

"मल्हारीभाऊ, गादी हाय ती!"

"ते दिसून राहिलं. पण सुरवात मानंकडून करत असतात. उलटी कातर चालवली तर जनावर बिचकतं."

मी एक बाजू मान म्हणून दाखवली. त्यानं गादी गुडघ्याखाली दाबली, थोपटली, "हां हां, झालंच आता" असं तिला म्हणाला आणि कातर सुरू केली. कच्च कच्च कच्च! काय हात होता! भुग्याचा एक कण उडाला नाही. कडा जरा लाटालाटांची आली, पण मल्हारी म्हणाला, मेंढीची पण तशीच येते. कोपराही त्यानं एका घावात उडवला.

गादी आत नेली. कोपरा उजवीकडं. पेटी डावीकडं.

मी पुन्हा कागद बघितला, पेटी बघितली, गादी बघितली. कागद मी गादीवर पालथा ठेवला होता! भूमितीत पहिला आलेल्या माणसानं! संगिता दारातच उभी होती. मी घाईघाईनं म्हणालो, "काही बिघडलं न्हाई. मल्हारीभाऊ, डावा पण उडवा." मल्हारीनं डावाही उडवला. गादी झ्याक बसली. डावीकडं पेटीला जागा, आणि उजवीकडं नुसती फळी उघडी, कुणाच्याच उपयोगाची नसलेली. मी विजयी चेहऱ्यानं बाहेर आलो.

याडी ओसरीवर बाजेवर पडून सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाबू, पैला कोपरा चुकला तवा गादी पालथी काहून न्हाई घातली?"

मल्हारीनं कातर पुसायला घेतली. जगनला एकदम ट्रॅक्टरचं पाणी बघायची आठवण झाली. खरंच की हो! पालथी घातली असती की कोपरा आपोआप डावीकडं! दोन्ही बाजूंनी सारखीच तर गादी! संगितानं कापलेला जादा तुकडा उचलला, छातीशी धरला आणि आत निघून गेली. आठ दिवस आमच्या घरात 'पालथं' हा शब्द कुणी काढला नाही.

रजेचा अर्ज दिला तर हेडमास्तरांनी तो परत पाठवला. प्रवासाचं साधन या रकान्यात मी 'खोली' लिहिलं होतं. त्यांनी शेरा मारला, 'स्पष्ट करावे.' मी भाऊसाहेबांचा कागद जोडला तेव्हा कुठं रजा मिळाली.

निघायचा दिवस उजाडला. चाकांना हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, जगननं ट्रॅक्टर लावला. याडीला आम्ही चौघांनी हलकेच उचलून गादीवर निजवलं. तिनं हात फिरवला, "लई मऊ हाय गं संगिता," म्हणाली. संगिताच्या तोंडावर गादी कापल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. मी 'चला' म्हणून हात वर केला.

"थांब," याडी आतून म्हणाली. "माझे पाय कोणीकडं हायेत?"

"पुढं, याडी."

"अन् आपण कोणीकडं जाऊन राहिलो?"

"पोहरादेवीला."

"मग देवाकडं पाय करून जाऊ का मी?"

आता आली का पंचाईत! आमच्यात देवाकडं पाय करून कुणी झोपत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गादीच्या नादात पायांचा विचारच केला नव्हता. मी म्हणालो, "याडी, रस्ता काय सरळ हाय? वाशीमपर्यंत शंभर वळणं. प्रत्येक वळणाला पाय दुसरीकडंच होणार."

"रस्ता वाकडा आसंल. जाऊन तर देवाकडंच राहिलो ना?"

जगन म्हणाला, उलट्या गिअरमध्ये नेऊ का? नायकांनी त्यावर खरोखर विचार केला. शेवटी याडीलाच फिरवलं, डोकं पुढं, पाय मागं दाराकडं. म्हणजे डोकं आलं नेमकं कोपरे उडवलेल्या बाजूला! उशी एकदा डावीकडं पेटीवर घसरायची, एकदा उजवीकडं फळीवर पडायची. मी मान खाली घालून उभा. याडीनं मग उशी मधोमध दाबून बसवली, इकडंतिकडं बघितलं, पाण्याचा पितळी तांब्या मागून घेतला आणि त्या उजव्या रिकाम्या फळीवर ठेवला. गादीच्या दोन कडांमध्ये तांब्या गच्च बसला. "आता चाल," ती म्हणाली.

पाच तासांचा रस्ता आम्ही सात तासांत काटला. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, संगिता आत याडीपाशी. लोक रस्त्यात थांबून विचारायचे, "रोलर कुठं हाय?" मी हात हलवायचो. असा उत्साह मला लग्नाच्या वरातीतही नव्हता!

पोहरादेवी जवळ आली तशी गर्दी वाढली. ट्रॅक्टर, ट्रक, भोंगे, ढोल, कानठळ्या बसायला लागल्या. आमचे डोळे लांबूनच लिंबाकडं. लिंबाच्या चारी बाजूंनी मोठा मांडव ठोकला होता, खाली दुकानं. बसायला वीतभर जागा नाही. कुठं शोधायचं मामांना एवढ्या लाखाच्या गर्दीत? आलेच नसतील तर? याडीला काय तोंड दाखवू? मी जगनला ओरडलो, "फुडं घे, आधी खोली लावाय जागा बघू." जगननं वेग वाढवला.

तेवढ्यात मागून ठण्ण! ठण्ण! ठण्ण! पत्र्यावर कुणीतरी घण घातल्यासारखा आवाज. भोंग्यांच्या वरताण! जगननं दचकून ब्रेक मारला. मी उडी टाकून मागं पळालो. आत याडी हातात तांब्या धरून पत्र्यावर आपटत होती, पाणी सगळीकडं सांडलेलं, आणि ती उघड्या दारातून मागच्या रस्त्याकडं बघत ओरडत होती, "खेमा! माझा खेमा मागं राहिला रे!"

आम्ही सगळे पुढं बघत होतो. एकटी याडी मागं बघत होती. मी मागं वळलो. रस्त्याच्या कडेला, कुणाच्यातरी बैलगाडीच्या सावलीत, लाल पागोटं घातलेला एक म्हातारा काठी टेकून उठत होता. आम्ही त्याच्या अगदी जवळून गेलो होतो, जगनही आणि मीही, आणि ओळखलं नव्हतं.

मामा दोन दिवस तिथं बसून होते. लिंबाखाली जागा राहिली नाही म्हणून येणारी प्रत्येक जीप दिसेल अशी जागा त्यांनी धरली होती. खोलीकडं त्यांनी बघितलंही नव्हतं, रोलरवाले असतील म्हणून. पुढं जे झालं ते काय सांगू! आमच्यात भेटीला गळ्यात पडून सूर लावून रडतात. ते दोघं तसे रडले, आणि आम्ही तिघं उभे राहून रडलो. जगन तर सगळ्यांत मोठ्यानं.

जेवणं झाली. एका ताटात. मामांचे डोळे मिटायला लागले, बसल्या बसल्या मान पडायला लागली. याडी म्हणाली, मला आता काठी धरून जरा हिंडव. ती उठली तशी संगितानं काय केलं, गादी बाजेवरून ओढली, बाहेर झाडाच्या सावलीत पसरली, पदरानं झटकली. मंदिर कोणीकडं आहे ते बघून उशी त्या बाजूला ठेवली. म्हणाली, "मामा, झोपा. पाहुण्यांचीच गादी हाय."

मामा आडवे झाले. डोक्याशी हातानं चाचपलं, मग पुन्हा उठून बसले. "सूनबाई, हिचे कोपरे कुठं गेले?"

संगितानं माझ्याकडं बघितलं. जगननं आभाळाकडं बघितलं. मी तोंड उघडलं, पण भूमितीत पहिला आलेल्या माणसानं काय सांगावं?

याडी काठीवर भार देऊन उभी होती. ती म्हणाली, "एक पेटीसाठी हाय, अन् एक माझ्या तांब्यासाठी. माझ्या बाबूनं मुद्दाम मोजून कापले."

"हुशार हाय पोरगं," मामा म्हणाले आणि घोरायला लागले. संगितानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते.